हार घातलेला पंखा

"दार लावून बसू नका," असं प्रणवेशनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा मी त्याच्या चपलांकडे बघत होते. निळ्या रबरी चपला, आणि एकीचा तुटलेला पट्टा नेटवर्कच्या वायरीनं बांधलेला. स्वतःला नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर म्हणवणाऱ्या माणसाच्या पायात हे असलं. मग तो काय सांगणार आणि मी काय ऐकणार.

तो नोकरी सोडून चालला होता आणि त्याच्या जागी मी आले होते. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देताना तो खोकला, थांबला, परत खोकला.

"एसी वाया जातो म्हणून हे लोक दार लावायला सांगतील, मॅडम. लावू नका. बॅटऱ्यांना हवा लागते, तुम्हालाही लागते."

"तुम्ही उघडं ठेवत होता?"

"नाही. म्हणूनच सांगतोय."

मी हसले. काम झेपलं नाही की माणूस खोलीला दोष देतो, असं ठरवून मी त्याला निरोप दिला. पुढे कळलं, ओरत्तनाडूच्या बस स्टँडसमोर त्यानं झेरॉक्सचं दुकान टाकलंय. शोभतंय त्याला, म्हटलं.

कॉलेज तंजावूरहून ओरत्तनाडूला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भातशेतात भर घालून उभं केलेलं. तीन बाजूंनी भात, चौथ्या बाजूला कालवा, आणि समोर गुलाबी रंगाची कमान. कमानीखाली पिळ्ळैयारचं छोटं देऊळ. आपण गणपती म्हणतो तोच. इंजिनियर करण्याचा कारखाना म्हणून चालवतात, पण आत शिरलं की बाजार समितीत आल्यासारखं वाटतं. सगळे मोठ्यानं बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. मालकाला इथे करस्पॉन्डंट म्हणतात. आमचे करस्पॉन्डंट शिवकुमार. तंजावूरच्या घरी बसून ते मोबाइलवर कॉलेजचा कॅमेरा बघत. कुठला मास्तर किती वेळ चहा पितो, कोण कुणाशी बोलतो, हे बघणं हेच त्यांचं शिक्षणकार्य.

माझी खोली जिन्याखाली. एका भिंतीला लोखंडी कपाट, त्यात सर्व्हर आणि स्विचेस, म्हणजे साऱ्या कॉलेजच्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या पेट्या. समोरच्या भिंतीला यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या, बैलगाडीत पोती रचावीत तशा रचलेल्या. मध्ये माझं टेबल. खिडकी नाही. खोली नैऋत्येला आहे आणि नैऋत्येला उघडं असू नये, असं वास्तूवाल्यानं सांगितलेलं. वरच्या कोपऱ्यात हवेची एक जाळी आणि तिच्याजवळ बाहेर हवा फेकणारा पंखा, एवढंच. दारावर मात्र पितळी पाटी: नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर. ती पाटी पहिल्या दिवशी मी पदरानं पुसली. अजून आठवलं की माझंच मला हसू येतं.

पाटीचं एवढं अप्रूप असायला कारण होतं. कुंभकोणमला कंप्युटरची डिग्री घेतली, मग लग्न झालं. पोटात भुवी असताना तिरुच्चीला बसनं जाऊन नेटवर्कचा कोर्स केला, सुजलेले पाय समोरच्या बाकाखाली लांबवून. आमच्या तंजावूरच्या मराठी नातेवाइकांत सगळे 'आयटी'त. काय करता म्हणून विचारलं तर ऑफिसात एसी किती थंड असतो ते सांगतात. मला ते नको होतं. एक वायर इथे लावली की तिकडे दिवा लागतो, नाही लागला तर का नाही लागला ते शोधायचं, हे काम मला आवडत होतं. अजूनही आवडतं. तेव्हा या गोष्टीत कामाला कुणी नावं ठेवतंय असं समजू नका. नावं ठेवायला माणसं पुष्कळ आहेत.

घरी मात्र कुणाला या कामाचं नाव घेता येत नसे. माझे यजमान चेतन तालुका ऑफिसात आहेत. ते म्हणत, "अगे, शेवटी वायरच ओढायची ना? बी.एड. कर, सरकारी शाळेत लाग, पोरीला बघ." सासूबाई वेंकूबाई, त्यांना मी अत्या म्हणते, त्या शेजारणीला सांगत, "आमची सून कालेजांत वायरिंग करते." शेजारीण तमिळ, तिला वाटे मी इलेक्ट्रिशियन. एकदा तिनं मला मिक्सर दुरुस्तीला आणून दिला. मी दुरुस्त करून दिला, त्यामुळे तिची खात्रीच पटली.

भुवी तेव्हा दीड वर्षाची. सकाळी तिला पाजून, तिच्या मुठीतून वेणी सोडवून मी बस गाठायची. दुपारपर्यंत छाती दगडासारखी होई. तरी ते दिवस बरे होते, दार मी कधी लावून घेई, कधी विसरून जाई.

मग कुरुवैची कापणी आली.

कुरुवै म्हणजे आमच्याकडचं पहिलं भात. ते कापलं की बांधातल्या उंदरांचं आणि घुशींचं घर मोडतं. यंत्र शेतात फिरतं, पाणी सोडतात, चिखल करतात, आणि सगळी जात उठून चालायला लागते. त्या मैलभर सपाटीत उंच आणि कोरडं असं आमचं कॉलेजच. शिक्षणासाठी तिथे कुणी मनापासून येत असेल तर ते उंदीरच.

पहिल्या आठवड्यात प्रिन्सिपलचं नेट गेलं. मग लायब्ररीचं, मग परीक्षा विभागाचं. छताच्या पत्र्यावरून गेलेल्या वायरी मधूनच कुरतडलेल्या. आतलं तांबं त्यांना नको असतं, वाढत्या दातांना काहीतरी लागतं, तेवढंच. आमच्या स्टाफरूममधल्या गप्पांचंही तेच कारण असावं.

मी शिडी लावून वर चढे. सुब्रमण्यम शिडी धरी. तो कॉलेजचा शिपाई, पन्नाशीचा, मी वर असले की तो भिंतीकडे तोंड करून उभा राही. तोंडात टॉर्च, एका हातात पक्कड, दुसऱ्या हातानं लेंड्यांतून वायर चाचपायची. धूळ घामात कालवून मानेवरून खाली येई. कुठे वायर तुटलीय ते हाताला आधी कळतं, टेस्टरला मागून. एकदा अशीच वर होते, आणि खाली कुठल्याशा पोरीचा भाऊ की कोण, तान्हं मूल रडलं. माझ्या अंगावर दूध उतरलं. खाली आले तेव्हा कुर्त्यावर दोन ओले डाग. कंप्युटर विभागाचा एक तरुण मास्तर तिथे उभा होता, गळ्यात आयडी कार्ड, हातात चहा.

"एसी गळतोय काय, मॅडम?"

भोवतीची पोरं हसली. सुब्रमण्यमनं खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे न बघता पुढे केला. त्या मास्तराला मी आदल्या दिवशी पासवर्ड तिसऱ्यांदा बदलून दिला होता, कारण त्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नव्हती. मी म्हटलं, "हो सार, गळतोय. तुमच्या विभागाचं नेट त्यातच बुडालंय. संध्याकाळपर्यंत येणार नाही." आणि नाहीच आलं.

नंतर कॅमेरे गेले. करस्पॉन्डंटांच्या मोबाइलचा पडदा काळा झाला आणि तासाभरात त्यांची गाडी कमानीत. एरवी मुलींच्या वसतिगृहाला पाणी नाही म्हणून आठवडा आठवडा निरोप धाडले तरी येत नसत.

"अम्मा, मी आंधळा झालोय," ते दारातूनच म्हणाले.

मी सांगितलं, घुशी आहेत. आमच्या अत्यांच्या माहेरगावी बांबूच्या किट्ट्या, म्हणजे सापळे, लावतात, धनुष्यासारख्या ताणलेल्या, एका हंगामात बांध साफ होतो. तसा एक माणूस आणूया.

शिवकुमारांनी कान धरले. "पिळ्ळैयारच्या कॉलेजात त्याचं वाहन मारायचं? हे तुमच्या पुस्तकात आहे का? भोकं बुजवा. सगळी."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. सिमेंटात बाटलीच्या काचा कालवून त्यानं वायरींची भोकं लिंपली. मग खुर्चीवर चढून हवेची जाळी लिंपायला लागला. मी त्याचा हात धरला आणि सारना, म्हणजे शिवकुमारांना, फोन लावला.

"सार, जाळी राहू दे. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडतात. तो बाहेर जायला पाहिजे."

"पंखा आहे ना?"

"पंख्याला हवा कुठून मिळणार? दाराला तुम्ही खाली रबराची पट्टी लावलीय."

"अम्मा, शेतात बायका फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरतात. त्या हवा मागतात का? तुम्हाला एसी दिलाय."

गवंड्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याचा हात सोडला, आणि त्यानं जाळी लिंपली. वरून सिमेंटावर बोटानं एक फूलही काढलं, हौशी माणूस. दारावर नोटीस आली: उंदीर येतात, दार सदैव बंद ठेवावे. खाली शिक्का.

त्यानंतर दुपार झाली की डोकं दुखू लागे. कपाळावर कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. पुस्तकात लिहिलेलं असतं की जुन्या बॅटऱ्या तापल्या की कुजक्या अंड्याचा वास येतो. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही, त्यामुळे मला तो वास ओळखायला वेळ लागला. अत्यांना लागला नाही. मी घरी येऊन भुवीला जवळ घेतलं, तिनं तोंड लावलं, आणि मान फिरवून रडायला लागली. अत्या स्वयंपाकघरातून आल्या, माझ्या खांद्याशी नाक नेलं.

"काय गे हा वास? हिंगाच्या डब्यांत पाल मेल्यासारखा."

"बॅटरीचा आहे, अत्या."

"तसल्या खोलींत बसून तूं काय करतेस दिवसभर?"

"कॉलेज चालवते."

"कालेज चालवणारी म्हणे. आधी न्हाऊन ये, मग पोरीला घे. सीकेकाई दोनदा लाव."

मी दोनदा लावली. डोक्यावरून पाणी घेताना खोकला आला, आणि त्या खोकल्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. मी तो कुठे ऐकलाय ते आठवायचं नाही असं ठरवलं.

चेतनना सांगितलं तर ते म्हणाले, "सोडून दे. मी केव्हाचा सांगतोय." म्हणजे विषय बॅटरीचा राहिलाच नाही, बी.एड.चा झाला. नवऱ्यांचं हे एक बरं असतं, तुम्ही काहीही सांगा, ते आधीच सांगत होते.

दार लावून बसले की मी अर्ज लिहीत असे. तिरुच्चीच्या, चेन्नईच्या कंपन्यांना. कामाचा अनुभव वर्षभराचा तरी दाखवा, सगळीकडे हेच. म्हणून दात आवळून बसायचं होतं. नवरात्र आलं, म्हटलं एवढा हंगाम काढू.

आमच्याकडे नवरात्राच्या नवव्या दिवशी सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा. घरात पुस्तकं पाटावर मांडतात, वर रेशमी कापड, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. ज्याची जी आयुधं त्याची ती पूजा: सुतार करवतीला गंध लावतो, बसवाला बसला केळीचे खांब बांधतो. मीही त्या दिवशी माझी क्रिम्पिंगची, म्हणजे वायरीला टोक बसवायची, पक्कड पाटावर ठेवते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. हत्याराला एक दिवस सुट्टी, हा देवानं केलेला शहाणपणाचा कायदा आहे. पण तो कायदा कुणाच्या हातात पडतो, हेही बघावं लागतं.

आदल्या दिवशी वादळी पाऊस झाला. कालव्याकाठचे दोन खांब पडले आणि रात्रीपासून वीज नव्हती. यूपीएसवर कॅमेरे चालू ठेवा असा साराचा हुकूम, त्यामुळे बॅटऱ्या पार निथळल्या. पूजेच्या दिवशी सकाळी वीज आली आणि उपाशी म्हशी पेंडीवर पडाव्यात तशा त्या चार्ज ओढू लागल्या. मी सुट्टीवर होते, पण स्टाफनं कुटुंबासह यायचं असतं. चुरमुरे, उकडलेल्या हरभऱ्याचं सुंडल, साऱ्यांचा एक फोटो.

"पोरीला घेऊन जा," अत्या म्हणाल्या. "सरस्वतीचा दिवस. तिच्या आईची कचेरी तरी बघूं दे तिला." त्यांनी भुवीला हिरवा परकर नेसवला, दंडात काळा दोरा. त्या कचेरी म्हणाल्या, वायरिंग नाही, एवढ्यानं मला बरं वाटलं. मूर्ख माणसाला बरं वाटायला फार लागत नाही.

वर्ग, लॅब, बस, जनरेटर, झेरॉक्स मशीन अशी आरती फिरत फिरत माझ्या खोलीपाशी आली. दार उघडलं. आत मी तीन दिवस गेले नव्हते. सर्व्हरच्या कपाटाला चंदनाचे पट्टे, कुंकवाचे टिळे, स्विचच्या भोकांतसुद्धा. कोपऱ्यातल्या पंख्याला झेंडूचा जाडजूड हार, आणि पंखा बंद.

"पंखा कुणी बंद केला?" मी सुब्रमण्यमला विचारलं.

"कालच, अम्मा. हार घालायचा म्हणून. मशीनला आज आराम."

"आणि यूपीएस?"

"ते सार म्हणाले चालू ठेव. कॅमेरा आहे ना."

हे नीट लक्षात घ्या. विश्रांती घ्यायला त्या खोलीतून पंखा निवडला होता, कारण त्याच्यावाचून साराचं काही अडत नव्हतं.

तो वास दारातच अंगावर आला. भुवीनं कडेवरून नाक माझ्या मानेत खुपसलं. बॅटऱ्यांच्या फळीवर हात ठेवून बघितला, फळीसुद्धा गरम. मी बटणाकडे हात नेला, तर साराची बायको म्हणाली, "अय्यो, हात लावू नका. उद्या पूजा झाली की मगच."

"अक्का, आत वायू भरलाय. कापूर लावला तर पेट घेईल."

"तुम्ही मराठी लोक फार शिकलेले," सार म्हणाले, आणि सगळे हसले. तो चहावाला मास्तर जरा जास्त हसला. "अम्मा, इतक्या मशीनना ओवाळलं, एकही पेटलं नाही. तुमचंच मशीन कसं हो नाजूक?"

"सार, बाहेर उंबऱ्यावर ओवाळू. देवाला चालेल."

"देवाला काय चालतं ते गुरुक्कळ सांगतील."

गुरुक्कळ म्हणजे पुजारी. त्यांना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. ते म्हणाले, लवकर करा. त्यांनी कापूर पेटवून तबक सुब्रमण्यमच्या हातात दिलं, कारण खोलीत वाकायला जागा नव्हती आणि त्यांचं पोट मोठं होतं.

मी भुवीला छातीशी धरून बाहेर पडले. आरती चालू असताना पाठ फिरवून. जिन्याच्या टोकापर्यंत गेले तेव्हा मागून साराचा आवाज आला, "जाऊ दे, त्यांना देवाची भीती वाटते." आणि मग, "सुब्रमण्यम, बॅटरीलाही दाखव. खाली वाक."

फटाका फुटावा तसा नव्हता आवाज. मोठ्या रांजणावर कुणी दगड घालावा तसा. मग सगळे एकदम बाहेर आले, एकमेकांना ढकलत, सर्वांत आधी करस्पॉन्डंट. शेवटी सुब्रमण्यम, दोन्ही हात तोंडावर, आणि सदऱ्याला भोकं पडत चाललेली. बॅटरीचं झाकण उडून आतलं ॲसिड त्याच्या अंगावर आलं होतं.

भुवीला मी वसतिगृहाच्या आयाकडे जवळजवळ फेकली. पाय धुवायला ठेवलेल्या पिंपातलं पाणी लोट्यानं त्याच्या तोंडावर ओतत राहिले. तो म्हणत होता, "अम्मा, डोळ्यात, डोळ्यात," आणि मी त्याच्या पापण्या बोटांनी फाकवून त्यावर धार धरत होते. माझी बोटं भाजत होती. भोवतीचे सगळे साराच्या रेशमी वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, थेंब उडालाय का ते बघत होते. चहावाल्या मास्तरानं व्हिडिओ घेतला. गाडी काढा, असं मी तीनदा सांगितलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, सीट खराब होतील. मी माझी ओढणी सीटवर अंथरली, मग गाडी निघाली.

तंजावूरला डॉक्टरांनी एक डोळा वाचवला. दुसरा शिजवलेल्या साबुदाण्यासारखा पांढरा झाला.

विजयादशमी होऊन कॉलेज उघडलं तेव्हा मला वर बोलावलं. सार, प्रिन्सिपल, आणि गुरुक्कळसुद्धा, खुर्चीवर मांडी घालून.

"आरतीतून उठून गेलात," सार म्हणाले. "मुलीला घेऊन. त्यानंतरच झालं."

"सार, ते बॅटरीतल्या वायूमुळे झालं. पंखा चालू असता तर झालं नसतं."

"इतकी वर्षं झालं नाही ते?"

"इतकी वर्षं जाळी उघडी होती."

ते प्रिन्सिपलकडे वळले. प्रिन्सिपल डॉक्टरेट घेतलेले गृहस्थ, रसायनशास्त्रातली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. हायड्रोजन हा शब्द त्यांना माझ्याआधी माहीत होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "पूजेच्या वेळी थोडा संयम ठेवायला हवा होता, मॅडम."

आयुष्यात मी पुष्कळ अडाणी माणसं बघितली. शिकून अडाणी राहायला मेहनत लागते.

आयडी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. अनुभवाचं पत्र मागितलं, तर म्हणाले, वर्ष भरलं नाही.

खोलीतला डबा आणि छत्री घ्यायला खाली गेले. दार लावलेलं होतं, त्यावरची नोटीस तशीच. आत माझ्या खुर्चीवर कीर्तना बसली होती. याच कॉलेजची, याच वर्षी पास झालेली, शेवटच्या वर्षाला नेटवर्कच्या लॅबमध्ये सर्वांत हुशार. तिला ट्रेनी म्हणून घेतली होती. तुटलेली फळी बदललेली, नव्या बॅटऱ्या मागवल्यात असं ती म्हणाली, तोवर जुन्यांवर भागवायचं. पंख्याचा हार सुकून तसाच लोंबत होता. पंखा फिरत नव्हता, त्याच्या वायरीला धक्का बसला होता.

"कीर्तना, पंखा आज दुरुस्त करून घे. आणि दार लावून बसू नको."

"सरि, अक्का."

"नुसतं सरि, बरं, म्हणू नको. जाळी फोडायला लाव. नाही फोडली तर दाराला वीट लाव, नोटीस असू दे."

"सार म्हणाले उंदीर..."

"उंदीर वायर खातो, बाई. माणूस खात नाही."

ती गोड हसली. नवी कोरी नेमपट्टी लावलेली, केसात मोगरा. आणि मी बोलत होते तेवढा वेळ तिची नजर खाली होती. मी खाली बघितलं. ॲसिडनं माझ्या चपलांचे पट्टे गळून गेले होते आणि घाईत मी ते वायरीनं बांधले होते.

आता मी ओरत्तनाडूत ब्रॉडबँड देणाऱ्या एका माणसाकडे काम करते. मोपेडवरून गावोगाव जायचं, कालव्याकाठी बसून तुटलेली फायबर सांधायची, माळ्यावर चढून लोकांचे राउटर लावायचे. ऊन लागतं, चिखल लागतो, बांधावर बसलेली म्हातारी माणसं विचारतात, नवरा नाही का तुला? डोक्यावर छप्पर नाही ही या नोकरीतली सर्वांत चांगली गोष्ट. भुवी आता माझ्यापासून तोंड फिरवत नाही. अत्या शेजारणीला सांगतात, सून तारेचं काम करते. एकदा प्रणवेशच्या दुकानात झेरॉक्सला गेले. तो खोकला, मी खोकले. त्यानं कागद गरम गरम हातात दिले.

कीर्तनाला फोन करते. आधी उचलायची. डोकं दुखतं म्हणायची, झंडू बाम लावते म्हणायची. मग उचलेनाशी झाली. मी कॉलेजवर गेले. कमानीखाली वॉचमनच्या खुर्चीवर सुब्रमण्यम. त्याला आता तेच काम दिलंय, उपकार म्हणून. तो उठून उभा राहिला, हात जोडले, आणि फाटक उघडलं नाही.

"तुम्हाला आत सोडू नको म्हणालेत, अम्मा. वर कॅमेरा आहे."

"पोरगी आत आहे का?"

"येते सकाळी. जाताना बघतो. भिंतीला धरून चालते."

"दार?"

"लावलेलं असतं."

"पंखा फिरतो का, सुब्रमण्यम?"

"इथून दिसत नाही, अम्मा." त्यानं पांढरा डोळा माझ्याकडे केला. "आणि याच्यातून तर बघायलाच नको."

तिच्या घरचा पत्ता मिळाला नाही. तिच्या वडिलांना कळवा म्हणून प्रिन्सिपलना लिहिलं, उत्तर नाही. इथल्या कुणाला सांगितलं की म्हणतात, पूजेतून उठून गेलेली बाई ती.

हे मराठीत लिहितेय, कारण तुम्ही महाराष्ट्रातून इकडे येता. मोठं देऊळ बघता, राजवाडा बघता, मग मुक्ताम्बाळ छत्र, मराठा राजांच्या काळची धर्मशाळा, बघायला गाडी करून ओरत्तनाडूला निघता. वाटेत डाव्या हाताला गुलाबी कमान लागते. थांबा तिथे. भाचीच्या ॲडमिशनची चौकशी करायची आहे म्हणा, त्या शब्दाला ते फाटक कुणालाही उघडतात, चहासुद्धा देतात. चहा घेऊ नका. सरळ जिन्याखाली जा. पितळी पाटीचं दार लावलेलं असेल, ते ढकला. आत कीर्तना नावाची मुलगी बसलेली असेल. तिला हाक मारा, आणि ती मान वर करते का ते बघा.